साठ दिवे आणि एक माफी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ‘विक्रम’ चंद्रावर उतरला आणि तो दिवस पुढे राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला. २०२४ मध्ये तो प्रथमच साजरा होणार होता. त्यानिमित्त एका शाळेतील मुलांनी अवतरणाची प्रतिकृती करायला घेतली आणि तिच्यातील दिव्यांचा ड्रायव्हर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. उभ्या पट्टीवर ६० रंगीत एलईडी, प्रत्येक दिवा अर्ध्या किलोमीटरचा. ३० किलोमीटर उंचीवरून सुरू झालेले अवतरण दिव्यादिव्याने खाली यावे, अशी योजना होती.

पट्टी डब्ल्यूएस२८१२बी या प्रकारची होती. तिच्यात माहितीसाठी एकच तार असते. प्रत्येक दिवा येणाऱ्या प्रवाहातील पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो व उरलेले पुढच्याकडे सोपवतो. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद मिळतात. त्यांपैकी सुमारे ०.४ मायक्रोसेकंद तारेवर दाब असेल तर ‘शून्य’, ०.८ असेल तर ‘एक’. प्रवाह ५० मायक्रोसेकंदांहून अधिक थांबला, की निरोप संपला असे दिवे समजतात.

पहिल्याच चाचणीत दिवे भलतेच रंग दाखवू लागले. पट्टीचे तुकडे आठवीतील एका मुलीने सोल्डरिंग करून जोडले होते. मी सर्वांदेखत तिला म्हणालो, “तुझे सांधे कच्चे आहेत.” तिने तीन वेळा डाग काढून पुन्हा दिले. दोष तसाच राहिला.

चौथ्या दिवशी ती हळूच म्हणाली, “सर, वाय-फाय बंद असलं की दिवे नीट लागतात. आणि चूक दर वेळी वेगळ्याच दिव्यावर दिसते.”

मी निरुत्तर झालो. सांधा कच्चा असता, तर दोष त्याच सांध्यापासून पुढे दिसला असता. माझा ड्रायव्हर प्रत्येक बिटाची वेळ प्रोसेसरकडूनच मोजून घेत होता. वाय-फायचे काम आले की प्रोसेसर तिकडे वळे. तेवढ्यात ‘शून्य’ लांबून ‘एक’ होई किंवा निरोप अर्ध्यावर संपे आणि उरलेले रंग पुन्हा पहिल्या दिव्यापासून भरले जात.

मग मी मांडणी बदलली. हे काम एसपीआयकडे दिले व त्याचा वेग सेकंदाला सुमारे २४ लाख बिट ठेवला. रंगाच्या प्रत्येक बिटासाठी तीन बिट: ‘शून्य’ म्हणजे १००, ‘एक’ म्हणजे ११०. ६० दिव्यांचे ५४० बाइट आधीच स्मृतीत तयार ठेवायचे आणि डीएमएने ते प्रोसेसरला न थांबवता बाहेर पाठवायचे. सगळा निरोप १.८ मिलिसेकंदांत जातो. वाय-फाय चालू ठेवूनही एकही दिवा चुकला नाही.

त्याच दुपारी, ज्यांच्यासमोर तिला बोललो होतो त्यांच्याचसमोर मी तिची क्षमा मागितली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा लँडर कोसळल्यावर इस्रोने काय काय चुकू शकते याची यादी करून पुढचे यान घडवले, हे मी त्या मुलांना मोठ्या अभिमानाने सांगितले होते. स्वतःच्या कामाची तशी यादी मात्र मी केली नव्हती.

२३ ऑगस्टला प्रतिकृतीचे बटण तिने दाबले. साठावा दिवा हिरवा झाला, तेव्हा सर्वांत आधी मी टाळी वाजवली.