फ्रोडो हरला का?

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर आमच्या घरात कधीच एकमत होत नाही. १९५४-५५ साली तीन खंडांत आलेल्या या कादंबरीतली अंगठी दादाला अणुबॉम्ब वाटते. माझ्या मुलीला व्यसन वाटते. गॉलमची दशा बघा, म्हणते. मी सरकारी कारकून, मला तिच्यात खुर्ची दिसते. खुद्द टॉल्किनने प्रस्तावनेत सांगितलंय की ही रूपककथा नव्हे. वाचकाने आपल्या अनुभवाशी ती जोडून पाहावी, तेवढी मोकळीक मात्र त्याला आहे.

खरा वाद शेवटावर. अग्निपर्वताच्या कड्यावर पोचल्यावर फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो. गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट आगीत पडतो. दादा म्हणतो, "म्हणजे फ्रोडो हरलाच."

बाबांची आठ वर्षं सेवा केली ती दादाने. शेवटच्या महिन्यात तो थकला, बाबांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तो हे विसरलेला नाही. म्हणून त्याचं वाक्य मला फक्त पुस्तकाबद्दलचं वाटत नाही.

मी त्याला एवढंच म्हणतो, दादा, कड्यापर्यंत ओझं नेलं कोणी? आणि गॉलम जिवंत का होता? आधी बिल्बोने, मग फ्रोडोने त्याच्यावर दया केली म्हणून. शेवटी ताकद संपली तेव्हा ती जुनी दयाच कामी आली.

यावर दादा गप्प बसतो. पटलं असं अजून म्हणालेला नाही.