मोफत आणि मुक्त

एप्रिल २००१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी एक घोषणा केली: संस्थेत शिकवल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या विषयांचं साहित्य इंटरनेटवर मोफत ठेवणार. ऑनलाइन शिक्षणातून पैसा कसा उभा करायचा, याची गणितं तेव्हा अनेक विद्यापीठं मांडत होती. एमआयटीने उलटी वाट धरली. २००२मध्ये ५० विषयांनी सुरुवात झाली आणि २००७पर्यंत हा आकडा १८००वर गेला.

त्यात टिपणं होती, गृहपाठ होते, जुन्या प्रश्नपत्रिका होत्या. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्यानं तर जगभरच्या विद्यार्थ्यांनी डोक्यावर घेतली. पदवी मात्र यातून मिळत नव्हती आणि शंका विचारायला समोर प्राध्यापकही नव्हते.

भारतात २००३मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. व्याख्यानं पाहायला पैसे लागत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल, तरच शुल्क. पुढे २०१७मध्ये ‘स्वयम’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार विद्यापीठं एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक ‘स्वयम’वरून घेऊ देऊ शकतात.

तरीही शिक्षक म्हणून मला साहित्य मोफत मिळण्याहून मोलाची वाटते ती त्यात बदल करण्याची परवानगी. एमआयटीचं साहित्य ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली आहे. मूळ लेखकाचं नाव द्या, धंदा करू नका आणि बदल केलेत तर तेही याच अटींवर खुले ठेवा, एवढंच त्यात मागितलं आहे. म्हणजे कोल्हापूरचा किंवा नांदेडचा प्राध्यापक त्यातली उदाहरणं बदलू शकतो, मराठीत स्पष्टीकरण जोडू शकतो.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं, ते मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये दिसतं. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे धडे आहेत. धड्याची संहिता आधी लिहिली जाते आणि विषय नवा असलेल्या माणसाकडून तपासून घेतली जाते. मग तोच धडा मराठीसह अनेक भारतीय भाषांत येतो. बदलतो फक्त आवाज. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहतं, कारण नोकरीत विद्यार्थ्याला तेच वापरायचं असतं. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून तो थांबत थांबत, स्वतः करून पाहत शिकतो. धडे उतरवून घेता येतात, त्यामुळे इंटरनेट रेंगाळलं तरी वर्ग अडत नाही.

मराठीत अशा कामाला अजून खूप वाव आहे. पण प्रश्नसंच रचणं, भाषांतर तपासणं, जुना धडा दुरुस्त करणं हे वेळखाऊ काम आहे आणि ते एकट्या प्राध्यापकाच्या हौसेवर चालणार नाही. विद्यापीठांनी शोधनिबंधांप्रमाणे त्याचीही बढतीत नोंद घ्यावी आणि त्यासाठी शिकवण्याचे तास कमी करून द्यावेत.