हरेगावच्या चर्चमध्ये

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव नावाचे एक गाव आहे. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. १६ डिसेंबर १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे भरलेल्या वतनदारांच्या परिषदेत महार वतनांवरील वाढीव जुडीविरुद्ध आवाज उठवला. वतनाचा जमिनीचा तुकडा दाखवून रात्रंदिवस गावाची आणि सरकारची कामे करून घ्यायची, आणि वर त्याच तुकड्यावरचा सारा वाढवायचा, असा तो अन्याय होता. या परिषदेनंतर दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, त्याच हरेगावात ख्रिस्ती समाजाची मतमाउलीची यात्रा सुरू झाली. येशूची माता मरिया हिला या भागातील लोक मतमाउली म्हणतात. तिच्या जन्मदिनाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास दरवर्षी येथे लाखोंचा समुदाय जमतो.

परिषदेचे हरेगाव मला आपल्या शाळेने शिकवले. मतमाउलीचे हरेगाव मात्र मला घराने दिले. माझ्या पणजोबांना दोन मुलगे होते. थोरल्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धाकट्याने, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९५६ नंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एकाच महारवाड्यातून, एकाच चुलीपासून दोन वाटा फुटल्या. पुढे लग्नकार्याची निमंत्रणे विरळ होत गेली. भांडण असे कधी झाले नाही. केवळ येणेजाणे थांबले. थोरल्या आजोबांची कन्या, माझी चुलत आत्या, हरेगावला राहते. वडील गेल्यावर तिला भेटणे हे माझे कर्तव्य आहे असे मनाने घेतले आणि गेल्या वर्षी मी तेथे गेलो.

यात्रा उरकून आठवडा झाला होता. रस्त्याच्या दुतर्फा ऊस उभा होता. भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी या मुलखात आले, उसाची लागवड वाढली, बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला आणि गावोगावचे भूमिहीन मजूर कामासाठी इकडे आले. आज तो कारखाना बंद आहे. परिषदेला जमलेली माणसे आणि चर्चच्या प्रार्थनेला बसलेली पहिली माणसे पुष्कळशी याच कष्टकरी वर्गातली होती, हे या परिसरातून जाताना ध्यानात येते.

आत्या ऐंशीच्या घरातली. काठी टेकत ती मला संत तेरेजा चर्चमध्ये घेऊन गेली. आत वितळलेल्या मेणाचा वास रेंगाळत होता. कपाळाला कुंकू लावलेली एक बाई मुलाला मांडीवर घेऊन मतमाउलीच्या मूर्तीसमोर बसली होती. यात्रेला हिंदू येतात, बौद्धही येतात, असे आत्याने सांगितले. मी अवघडून उभा राहिलो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मी. येथे कोणते वर्तन उचित, हे ठरत नव्हते. आत्याने ते ओळखले.

"हात नको जोडूस. तुझ्या धम्मात नाही ते मला ठाऊक आहे. नुसता बस माझ्याजवळ."

आम्ही बसलो. काही वेळाने ती म्हणाली, "बाबासाहेबांची सभा याच गावात झाली, बरं का. आमचे तात्या गेले होते. उसाच्या फडातनं चालत आलो, असं सांगायचे. मरेपर्यंत सांगायचे."

मला हे नवे होते. चर्चमध्ये गेलेले थोरले आजोबा बाबासाहेबांपासून दूर गेले, असेच आमच्या घरात गृहीत धरले होते. मी विचारले, "आत्या, मग ते मिशनमध्ये कसे गेले?"

"आमच्या घरात बसून पहिल्यांदा कुणी पाणी मागितलं असेल, तर ते फादरनं. तात्या म्हणायचे, ज्याला आपलं पाणी चालतं, त्याचा देव बघू तरी कसा आहे."

हा युक्तिवाद धर्मशास्त्राचा नव्हे. पण त्यामागील भूक आपल्याला अपरिचित नाही. चवदार तळ्यावर जे मागितले गेले, तेच एका खेडुताला आपल्या ओसरीवर मिळाले, एवढाच त्याचा अर्थ.

तथापि त्या वाटेने जाणाऱ्यांची जात सुटली असे म्हणवत नाही. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी लिहिताना बाबासाहेबांनी धर्मांतरितांमध्येही जात टिकून राहिल्याचे परखडपणे दाखवले आहे. कायद्याने तर निराळाच भेद केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दीक्षेनंतर चौतीस वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यासाठी झगडा दिला. ख्रिस्ती झालेली आपली भावंडे मात्र अद्याप त्या यादीबाहेर आहेत. आत्याचा नातू हुशार आहे. माझा मुलगा आणि तो एकाच पणजोबांचे वंशज. गावात दोघांचेही आडनाव ऐकून विचारला जाणारा पुढचा प्रश्न एकच असतो. पण दाखला एकालाच मिळतो. आत्याने याविषयी तक्रार केली नाही. "तुझ्या पोराला मिळतंय ना, मग झालं," एवढेच ती म्हणाली. त्या उदारपणाचे मला ओझे वाटले.

येवल्याच्या घोषणेपासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत बाबासाहेबांनी एकवीस वर्षे विचार केला आणि मग धम्म निवडला. ती निवड विवेकाची होती, म्हणूनच ती आपल्याला शिरोधार्य आहे. ज्या निवडीच्या स्वातंत्र्यावर आपण उभे आहोत, ते दुसऱ्याला नाकारून तिचा गौरव होत नाही. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात सांगितले आहे की, दुसऱ्याच्या संप्रदायाचा मान राखणारा आपल्याच संप्रदायाची वृद्धी करतो. हा लेख आपण शाळेत अभ्यासला. त्याचे आचरण मात्र आपल्या भाऊबंदांपासून सुरू करावे लागते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी नम्र विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात अशी दुसरी शाखा असेल. तिचा पत्ता शोधावा. मंगल परिणयाची पत्रिका तिकडे पाठवावी, नाताळला त्यांच्या घरी जावे. त्यांच्या मुलांच्या हक्काचा प्रश्न निघेल तेव्हा, आपल्या वाट्याचे कमी होईल या भीतीने गप्प न राहता, चौतीस वर्षांचा आपला अनुभव आठवावा.

निघताना आत्याने वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि विचारले, "सोळा डिसेंबरला येशील का? तात्या जिथं उभे होते म्हणायचे, तिथं तुझ्या पोरालाही घेऊन ये. माझा नातू दाखवील." मुलाच्या परीक्षेची तारीख पाहून आम्ही एस.टी.ची तिकिटे काढली आहेत.