फुटलेल्या खेळाची उडी

मी बनवलेल्या व्हिडिओ गेममध्ये कड्यावरून पात्राचा पाय सुटल्यावरही पाच फ्रेमपर्यंत उडी घेऊ द्यायची की सहा? चारला खेळणारा शिव्या घालतो, सातला त्याला पात्र हवेत उभं दिसतं. मधल्या त्या दोन फ्रेमनी माझ्या रात्री खाल्ल्या.

अंगठा आखडायला लागला तसा माझ्याच हातावरचा विश्वास गेला. आता छावणी भागातला एक कॉलेजचा पोरगा गुरुवारी बाजाराची गर्दी चुकवत येतो आणि माझ्यासाठी उड्या मारतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, तुमचा गेम मी संपवलाय. क्रॅक मिळाला होता." राग यायच्या आधी छाती फुगली. माझा खेळ कुलूप फोडून फुकट वाटण्याच्या लायकीचा! मग म्हणाला, "फक्त जंप बेकार आहे."

त्याच्याकडे १.० आवृत्ती होती, चार फ्रेमवाली. स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकत घेणाऱ्याला दुरुस्ती आपोआप पोचते. क्रॅक फुटला तिथेच थिजतो. माझी सगळ्यात वाईट उडीच सगळ्यात जास्त हिंडते, हे मला पैशांपेक्षा जास्त लागतं. 'हॉटलाइन मायामी' या खेळाचा एक कर्ता योनातान सोडरस्ट्रॉम २०१२ मध्ये थेट पायरेट बे या चोरट्या प्रतींच्या साइटवर जाऊन फुकट्यांच्या अडचणी सोडवत बसला होता. लोक हसले. मला त्याची तगमग कळते.

आणि विक्री? ग्रीनहार्ट गेम्सनं २०१३ मध्ये 'गेम डेव्ह टायकून'ची फुकट आवृत्ती स्वतःच टोरंटवर सोडली. तीत खेळणाऱ्याची कंपनी चाचेगिरीनंच बुडते. पहिल्या दिवशी विकत घेणारे २१४, फुकटे तीन हजारांवर. आमच्या धंद्यातले लोक हाच आकडा सांगत ऊर बडवतात. पण ते तीन हजार एरवी खिशात हात घालणार होते, हे ठरवलं कुणी? २०१७ मध्ये बाहेर आलेल्या युरोपीय आयोगाच्या अभ्यासालाही खेळांची विक्री चाचेगिरीमुळे घटल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. आमची खरी अडचण त्याआधीची, पैसा उभा करण्याची. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' हा खेळ २०२० मध्ये आला, पण त्याआधी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्यांना ठरवलेली रक्कम उभी करता आली नव्हती. तेव्हा चोरायला खेळ तरी कुठे तयार होता?

खरे चोर प्ले स्टोअरवर बसलेत. दुसऱ्याचा खेळ उचलायचा, नाव-चित्रं बदलायची, दर मिनिटाला जाहिरात कोंबायची. त्यांच्यापुढे क्रॅकवाला पोरगा मला रसिक वाटतो.

तेव्हा फुकट खेळलात तर खेळा. आवडला, तर स्टीमवर विशलिस्टमध्ये तेवढा टाका. त्याला पैसे पडत नाहीत आणि आम्हा छोट्यांचं नाव त्यानंही चार जणांपुढे जातं.