वहीची मागची पानं

परभणी,
पोळ्याची कर

चि. धाकटीस,


कुमारवयातल्या मुलामुलींची आवडती कविता दोन ठिकाणी सापडते. एक उत्तरपत्रिकेत, दुसरी वहीच्या मागच्या पानांवर. या दोन कविता सहसा एक नसतात. उत्तरपत्रिकेतली आवड गाइडातून येते आणि तिला गुण मिळतात. मागच्या पानांवरची आवड कुठून कुठून गोळा होते, तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका असतात, कवीचं नाव चुकलेलं किंवा गायब असतं, आणि ती कुणाला दाखवायची नसते. नववीच्या वर्गाला ‘आवडती कविता कोणती व का’ असा प्रश्न घालून, उत्तरं वाचून, ‘या लेकरांना कवितेचं काही देणंघेणंच नाही’ असा निकाल फोनवर सुनावणाऱ्या बाईंनी पहिलंच ठिकाण तपासलं होतं. दुसरं ठिकाण त्यांच्या हाती आयतं लागलं, तर ती वही त्यांनी कपाटात बंद केली. त्या रात्री मामाला झोप आली नाही. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र.

प्रश्नाचं मूळ परीक्षेत आहे. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेवर जे मुद्दे देतात त्यांत कवीचं नाव, विषय, मध्यवर्ती कल्पना यांच्या रांगेत ‘कविता आवडण्याची वा न आवडण्याची कारणे’ हाही मुद्दा असतो. ‘न आवडण्याची’ एवढी सोय ठेवून मंडळाने मोठं मन दाखवलं. तिचा फायदा घेणारं लेकरू मात्र शोधावं लागतं, कारण गाइडात आवडण्याचीच कारणं छापलेली असतात: साधी सोपी भाषा, नादमधुर शब्द, मोलाचा संदेश. 2018 च्या कुमारभारतीत मोरोपंतांची केकावली आहे आणि नीरजांचा मुक्तछंदही आहे. ही तीन कारणं दोन्हींना सारखीच लावता येतात. होता होता ‘कविता’ हा शब्द मुलांच्या लेखी एकाच वस्तूचं नाव होऊन बसतो. जिच्याखाली स्वाध्याय असतो ती कविता. जिच्याखाली स्वाध्याय नाही तिला ती गाणं म्हणतात, अभंग म्हणतात, शायरी म्हणतात, स्टेटस म्हणतात. आवडती कविता विचारली की ती इमानदारीने पुस्तक उघडतात. बाईंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर मिळालं. प्रश्नच दुसरा विचारायला हवा होता.

परभणी जिल्ह्यात तोंडपाठ होणारी पहिली कविता पुष्कळदा जनाबाईची असते. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली, त्या घरचं दळणकांडण, पाणी, शेणगोठा तिच्या अंगावर पडला, आणि तिने त्याच कामाचे अभंग केले. जात्याच्या दुसऱ्या बाजूला विठ्ठलाला बसवलं. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर आहेत. शेगावची पालखी आषाढीला परभणीवरून गंगाखेडकडे जाते. त्या वाटेवरच्या गावांतली पोरं हे अभंग अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी ऐकून असतात. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी मुलींना अर्थ लागतो, तो बहुधा भक्तीच्या वाटेने लागत नाही. शाळेच्या आधी पाण्याचे हंडे भरून, भाकरी थापून, धाकट्याला अंगणवाडीत सोडून आलेल्या मुलीला आपलं काम कवितेत दिसतं आणि त्या कामाला देव हात लावताना दिसतो. हे अप्रूप रसग्रहणाच्या चौकटीत बसत नाही. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून आईबापाला जावंच लागतं, आणि लेकरू आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतं. परक्या घरी वाढलेली जनी अशा लेकराला सातशे वर्षं जुनी वाटत नाही.

जात्याबरोबर ओव्या मात्र गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत आपल्या ताडकळसच्या बायकांच्याही आहेत. आज एखाद्या नातीला त्या मोबाइलवर ऐकता येतात. तुझ्या आजीच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. घरात मराठीचा मास्तर असून घेतल्या नाहीत, हेही खरं.

मुलांच्या बाजूला इंद्रजित भालेराव आहेत. त्यांचं गाव रिधोरा, वसमत तालुक्यातलं. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा होईपर्यंत ते परभणीतच मोडत होतं. ‘पीकपाणी’ हा त्यांचा संग्रह 1989 चा, आणि प्राध्यापकी परभणी शहरातली. त्यांच्या कवितेत कुणब्याचं घर, औत, बाप, कष्ट हे सगळं इथल्याच बोलीत येतं. निबंधात ‘आमी’, ‘नाई’, ‘म्हनून’ लिहिलं की ज्या मुलाच्या वहीवर लाल रेघ पडते, त्याला घरचं बोलणं छापील पानावर दिसणं ही मोठी गोष्ट असते. बहिणाबाईंच्या खानदेशी बोलीनेही हेच केलं. त्यांची कविता पुस्तकरूपाने 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, आली. पण बहिणाबाई मुलांना गुरुजी शिकवतात, भालेराव मुलं स्नेहसंमेलनात उठून म्हणतात. बापावरची कविता म्हणताना नववीतला पोरगा माइकसमोर ज्या गोष्टी मोठ्याने बोलतो, त्या घरी बापासमोर त्याच्या तोंडून निघत नाहीत. सोयाबीनचा भाव, सोसायटीचं कर्ज, रात्री न जेवता उठलेला माणूस. कवितेच्या आडून त्या निघतात. टाळ्या वाजतात आणि तो खाली बसतो. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाने तरी त्याला नंतर घरचं विचारावं, एवढंच मामाचं मागणं असायचं. त्यावर स्टाफरूममध्ये हशा व्हायचा.

कुसुमाग्रजांची ‘कणा’ सगळ्या महाराष्ट्रातल्या मुलांना पाठ असते. गंगाखेडच्या मुलांना ती जरा वेगळी लागते. पुराने घर नेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो, पैसे नको म्हणतो आणि पाठीवर हात मागतो, अशी ती गोष्ट. गोदावरीला गंगाच म्हणणाऱ्या आणि पुराचं पाणी आल्यावर धान्याची पोती माळवदावर चढवणाऱ्या घरातल्या मुलाला तिच्यात प्रतीक शोधावं लागत नाही. बाईंनी पाठीचा कणा म्हणजे स्वाभिमान, हे फळ्यावर लिहून द्यायची काहीच गरज नव्हती.

भीमजयंतीला वामनदादा कर्डक ज्यांच्या ओठांवर असतात, ती मुलं वर्गात ‘सर, मला कविता येत नाही’ म्हणतात. उर्दू शाळांतली मुलं इक्बालची ‘बच्चे की दुआ’ सकाळच्या प्रार्थनेत म्हणत मोठी होतात आणि तिलाही दुआच म्हणतात. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती. राज्य गेलं, कान तसाच राहिला. सुरेश भटांची गझल इथल्या पोरांच्या कानात पटकन बसते, त्याला हेही एक कारण. ‘एल्गार’ 1983 साली आला, तेव्हा वसतिगृहातली पोरं तो उतरवून घ्यायची, विकत घ्यायला पैसे नसत. तुझ्या बाबांच्या ट्रंकेत अशी एक वही आहे. काढून बघ, आणि त्यांना तिचं काही विचारू नकोस.

प्रेमाच्या कवितांवर फार लिहायला नको. पाडगावकर आहेतच, 2003 नंतर ‘आयुष्यावर बोलू काही’मुळे संदीप खरे घरोघर गेले, आता दोन ओळींची शायरी फोनवर फिरते, तिचा धनी कोण हे कुणी विचारत नाही. त्यातलं पुष्कळ टुकार असतं. पण पंधराव्या वर्षी स्वतःचे शब्द अपुरे पडतात आणि उसने घ्यावे लागतात. उसनी घेतलेली पायली मोजून कोण बघतं?

एक नाव मात्र या मुलांच्या वहीत पुढेही नसतं आणि मागेही नसतं. बी. रघुनाथ. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, त्यावरून पोरं रोज क्लासला जातात. 1913 साली जन्मलेला हा माणूस निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत दिवसा उर्दूत फायली लिहायचा आणि घरी येऊन मराठीत कविता. ‘आलाप आणि विलाप’ 1941 मध्ये आला; ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ 1955 मध्ये, तो बघायला ते नव्हते. 7 सप्टेंबर 1953 ला, चाळिशीत, गेले. ती तारीख जवळ आली आहे. हार घालायला सगळे जमतील; वर्गात नुसती एक कविता मोठ्याने वाचायला किती वेळ लागतो? 1995 चं अडुसष्टावं साहित्य संमेलन याच गावात झालं, अध्यक्ष नारायण सुर्वे. रस्त्यावर सापडलेलं पोर गिरणी कामगाराच्या घरात वाढलं आणि अध्यक्षपदी बसलं, हे दाखवायला सायकलवर कुणाला नेलं होतं आणि ते कोण मांडवात झोपून गेलं होतं, ते आज काढत नाही.

तर आवड म्हणजे या वयात कारण नसतं, वापर असतो. मूल कविता वापरतं: घरात न बोललेलं बोलायला, आपली बोली खरी आहे याची खात्री करून घ्यायला, कधी नुसतं रात्री भीती वाटू नये म्हणून. ‘का आवडली’ विचारलं की ते हात मागे घेतं. मोठ्यांनी वही वाचायचीच नाही, असं मात्र मामा म्हणणार नाही. वहीत एकाच सुराच्या ओळी पानामागून पान येऊ लागल्या, सगळ्या जाण्याच्या, संपण्याच्या, कुणाला आपण नको झाल्याच्या, तर तिथे कवितेचा तास संपतो. तेव्हा ओळींवर चर्चा न करता मुलाला जवळ बसवायचं, जेवलं का विचारायचं, घरी कोण कोण आहे विचारायचं, आणि ‘तुला जगणं नको वाटतं का’ हेही सरळ विचारायचं. विचारल्याने ते बिघडत नाही. गरज पडली तर डॉक्टरांकडे न्यायचं, आणि एकटं घरी पाठवायचं नाही.

तू फोनवर म्हणालीस, त्या मुलीच्या वहीत ‘नुसती रडकी शायरी, आणि शेवटी जनाबाईचा अभंग, तोही अशुद्ध’. मामाचं मन त्या शेवटच्या पानावर अडकलंय. अभंग आधी होता आणि शायरी नंतर सुरू झाली, की उलट? वही मागून उघडून लिहिलेली असेल तर तो अभंग पहिला ठरतो. नीट बघ. उद्याच वही परत दे, वर्गासमोर नको, सुटी झाल्यावर. लाल पेन लावला असशील तर तसं सांगून टाक. आईबाप टोळीबरोबर जाणार आहेत का, ते तिच्याकडून काढून घे, आणि जाणार असतील तर वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव आत्ताच घाल. यादी झाली की मग कुणी ऐकत नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने मामा येतो आहे. डब्यात करंज्या आहेत, वर्गातही वाट.

तुझा,
मामा