स्वभावाला औषध

माणसांना नावे ठेवण्याची हौस जशी आपल्या वाड्याचाळींत आहे, तशीच ती जगभरच्या पंडितांतही आहे. फरक एवढाच की, आपण नावे ठेवतो ती जिन्यात उभे राहून. पंडित ठेवतात ती ग्रंथात!

प्राचीन ग्रीक वैद्यांनी शरीरात चार रस मानले. ज्याच्या अंगी जो रस अधिक, तसा त्याचा स्वभाव. आपल्या आयुर्वेदाने वात, पित्त आणि कफ या तिघांवरच भागवले. १९२१ साली युंगने माणसांच्या अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन पंगती मांडल्या. १९२३ साली फ्रॉइडने मनाचे तीन भाग पाडले. मला तर त्यात आपले एकत्र कुटुंबच दिसते. एक हट्टी पोर, एक सोवळ्यातले आजोबा, आणि दोघांची समजूत घालता घालता संसार रेटणारा बिचारा कर्ता! १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाला लावता येतील असे १७,९५३ शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी हा पसारा आवरून पाच ठळक गुणांवर आणला.

आमच्या घराने मात्र माझ्या थोरल्या बहिणीचे काम एकाच शब्दात उरकले होते. ताई ‘सोशीक’! हा शब्द मोठा सोयीचा. आजीचे दुखणे ताईकडे, अवेळी आलेला पाहुणा ताईकडे, शिळी पोळी ताईच्या ताटात. “तिला चालतं!” असे म्हटले की सारे मोकळे.

आणि गंमत अशी की, चिकटवलेली चिठ्ठी माणसाला स्वतःलाही खरी वाटू लागते. १९४८ साली फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे ‘स्वभाववर्णन’ दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सर्वांना एकच होते, आणि त्यातला बराचसा मजकूर भविष्याच्या पुस्तकातला!

दोन वर्षांपूर्वी ताईने जाहीर केले, “यंदा फराळ मी करणार नाही. मी हरिद्वारला चालले आहे. एकटी.” घरात हलकल्लोळ झाला. “या वयात ताईचा स्वभाव बदलला!” असे जो तो म्हणू लागला. १९६८ साली वॉल्टर मिशेलने एक मोठा वाद उभा केला होता. माणसाचे वागणे स्वभावापेक्षा प्रसंगावर अधिक ठरते, असे त्याचे म्हणणे. साहेबापुढे मांजर होणारा गृहस्थ घरी वाघ होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते लगेच पटावे. ताईचा प्रसंग बदलला होता की स्वभाव?

ती परतल्यावर मी तिलाच विचारले. गंगाजलाचा गडू देवापुढे ठेवीत ती म्हणाली, “स्वभाव कुठला रे? मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.”

तेव्हापासून मानसशास्त्रज्ञांच्या त्या लांबलचक प्रश्नावल्यांविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला आहे. त्यांनी काढलेली उत्तरे अपुरी असतील, त्यांचे वादही कधी मिटणार नाहीत. पण त्या निदान माणसाला विचारतात तरी! स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. नसेलही. पण चिठ्ठीला आहे. आणि ते औषध प्रत्येक घरात, फुकट मिळण्यासारखे आहे.