यॉर्कचा जॉन आणि आपली शर्मिष्ठा

यूकेतल्या आईबाबांनो, पुढच्या सुट्टीत यॉर्कला गेलात तर मिन्स्टर बघून झाल्यावर मागच्या ट्रेझरर्स हाउसपाशी दोन मिनिटं थांबा. तिथे जॉन गुडरिकच्या नावाची पाटी आहे. ती मुलांना वाचायला सांगा.

जॉनला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. घरच्यांनी त्याला एडिंबराला, थॉमस ब्रेडवुड यांच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत घातलं. पुढे यॉर्कला आल्यावर शेजारच्या एडवर्ड पिगटमुळे आकाश बघायचा नाद लागला. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री ययाति तारकासमूहातला अल्गॉल त्याला नेहमीपेक्षा फिका दिसला. तेव्हा तो फक्त १८ वर्षांचा होता! अल्गॉल बदलतो हे आधी कुणाकुणाच्या लक्षात आलं होतं, पण जॉनने चिकाटीने नोंदी ठेवून हिशोब लावला: दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंद होतो. कदाचित एखादी काळोखी वस्तू समोरून जात असेल, असंही त्याने सुचवलं. १८८९ मध्ये ते खरं ठरलं. १७८३ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. १७८४ मध्ये वृषपर्वातला डेल्टा हा ताराही रूपविकारी आहे, हे त्यानेच शोधलं. पुढे अशाच ताऱ्यांवरून हबलने देवयानी दीर्घिकेचं अंतर काढलं. जॉन मात्र १७८६ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी गेला.

हे सगळं का सांगतेय? आपली मुलं ट्यूशन, स्विमिंग, इलेव्हन-प्लस यांत पिळून निघतात. त्यातलं एखादं कमी बोलणारं असलं, मराठीत तर त्याहून कमी, की आपल्या जिवाला घोर लागतो. अशा मुलाबरोबर गप्प बसूनही काही करता येतं, बरं का.

शर्मिष्ठेचा डब्ल्यू शोधा. तिच्या शेजारी तिचे वडील वृषपर्वा, दुसऱ्या बाजूला देवयानी आणि ययाति. अख्खी गोष्ट एकाच जागी! गोष्ट मराठीतच सांगा, वर बोट दाखवत सांगितली की शब्द आपोआप कळतात. पुण्यात शर्मिष्ठा मावळते, इथे ती रात्रभर क्षितिजाच्या वरच असते.

वृषपर्वाच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे. झीटा जरा ठळक, एप्सिलॉन फिका, आणि तिसरा जॉनचा डेल्टा. तो कधी झीटाच्या जवळपास उजळतो, कधी एप्सिलॉनइतका फिका पडतो. एक फेरी साधारण साडेपाच दिवसांची. दुर्बीण लागत नाही, शहरात असाल तर साधी बायनॉक्युलर्स घ्या. रोज वहीत एकच ओळ लिहायची: आज कुणाच्या जवळ? ढग असले तर "ढग" लिहायचं. इथे तो शब्द बऱ्याचदा लिहावा लागेल, तयारी ठेवा 😄

दोन आठवड्यांनी तुमच्या वहीत काय आलं ते कॉमेंटमध्ये नक्की सांगा. मुलांच्या अक्षरातल्या पानाचा फोटो टाकलात तर फारच छान.